नकाशातली नाव आणि कालव्याचे पाणी

दोन वर्षांपूर्वी इंग्लंडमधील आमच्या एका स्नेह्यांचे पत्र आले. पत्र दोनच पानांचे होते. पण सोबत घडी घातलेला एक मोठा आराखडा होता. हे गृहस्थ मूळचे वसईचे. तारुण्यातच ते तिकडे गेले आणि एका कारखान्यात आरेखक म्हणून त्यांनी सारी हयात घालवली. पत्नी रुग्णालयात परिचारिका. दोघेही निवृत्त झाली, मुले आपापल्या मार्गाला लागली, आणि आता राहते घर विकून कालव्यावरच्या नावेत कायमचे राहायला जावे असे या गृहस्थांच्या मनाने घेतले. नाव मात्र त्यांना चारचौघांसारखी नको होती. ती त्यांनी स्वतः रेखाटली होती.

आराखडा पाहून आम्ही हरखून गेलो, हे कबूल केले पाहिजे. छताचा अर्धा भाग काचेचा. बिछान्यात पडल्या पडल्या तारे दिसावेत म्हणून. उरलेल्या छतावर मातीचे वाफे, त्यांत फुलझाडे आणि भाजी. मागे उभे राहून सुकाणूचा दांडा धरण्याची जुनी रीत मोडीत काढून पुढच्या टोकाला मोटारीसारखे चाक. दोन्ही बाजूंच्या भिंती नावेच्या अगदी कडेपर्यंत सरकवलेल्या, म्हणजे आतल्या खोलीला वीतभर रुंदी अधिक. आंघोळीला टब. आणि पलंग ऐसपैस, नावेच्या रुंदीत आडवा, कायमचा ठोकलेला. या पलंगाशेजारी पेन्सिलीने, निराळ्या अक्षरात, एक ओळ लिहिली होती: ‘रात्री मला पलीकडे जायचे असेल तर?’ अक्षर वहिनींचे होते.

‘तुमचे मत कळवा,’ असे पत्राच्या शेवटी होते. आम्ही मत कळवले नाही. आमच्या किनाऱ्यावरच्या वाचकांना होडी नवी नाही. पण समुद्रातली होडी आणि कालव्यातली नाव यांची जात वेगळी. समुद्राला कडा नसतात. कालव्याला दोन्ही बाजूंनी काठ, मध्ये पूल, बोगदे आणि दारे. शिवाय आमची खरी अडचण निराळीच होती. माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या यंत्रांची चित्रे काढली, आणि उतारवयात एकदाच स्वतःच्या घराचे चित्र काढले. त्याला ‘हे जमायचे नाही’ असे सांगण्याचा अधिकार कोणाचा? आणि कोणीच सांगितले नाही, तर त्या चित्राची किंमत कोण मोजणार? हे दोन प्रश्न आम्हांला बरेच दिवस छळत राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांच्याकडे पंधरा दिवस राहण्याचा योग आला आणि त्यांच्यासोबत कालव्यांच्या काठाने आम्ही पुष्कळ पायपीट केली.

इंग्लंडच्या मध्यभागातील या अरुंद नावांची रुंदी सात फुटांच्या आत असते. लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत जाते. असा विचित्र, आगगाडीच्या डब्याहूनही चिंचोळा आकार कोणाच्या हौसेने ठरला नाही. 1766 मध्ये ट्रेंट आणि मर्सी या नद्यांना जोडणाऱ्या कालव्याचे काम सुरू झाले. जेम्स ब्रिंडली हा त्याचा अभियंता. वाटेत हेअरकॅसलची टेकडी होती आणि तिच्या पोटातून सुमारे 2.6 किलोमीटर लांबीचा बोगदा खणायचा होता. खोदकाम कुदळ-फावड्याने आणि सुरुंगाच्या दारूने. बोगदा जितका रुंद तितका खर्च अधिक, आणि दारांतून वाहून जाणारे पाणीही तितके अधिक. म्हणून मार्गावरची बहुतेक दारे सुमारे सात फुटांची ठेवली गेली. ब्रिंडली 1772 मध्ये वारला. कालवा 1777 मध्ये पुरा झाला. त्याने पाण्याच्या आणि पैशाच्या काटकसरीने जे माप धरले, ते पुढच्या कालव्यांनी उचलले आणि अडीचशे वर्षे दगडात टिकून राहिले.

या दारांना तिकडे ‘लॉक’ म्हणतात. पाण्याचा जिना म्हटले तरी चालेल. दोन दारांमध्ये दगडी हौद. नाव आत घ्यायची, दार लावायचे, पाणी भरायचे किंवा सोडायचे, की नाव एक पायरी चढते किंवा उतरते. नॅप्टन नावाच्या खेड्याजवळ, टेकडीवरच्या पवनचक्कीच्या पायथ्याशी, ऑक्सफर्ड कालव्यावर अशा नऊ पायऱ्या आहेत. तिथे आम्ही पावसात दोन तास उभे होतो. एका खेपेला लाखभर लिटर पाणी वरून खाली जाते, आणि ते वर कोठेतरी तलावात साठवलेले असते. म्हणून हौद रिकामा असेल आणि खालून नाव येताना दिसली, तर वरचा माणूस थांबतो आणि हौदभर पाणी वाया जाऊ देत नाही. ही रीत आम्हांला फार आवडली.

आमचे स्नेही आराखडा खिशात घेऊनच आले होते. एक साठीची बाई नाव खाली उतरवत होती. मागे दांड्याशी उभी राहून ती सारखी मागे वळून पाहत होती. आम्ही कारण विचारले. तिने हौदाच्या भिंतीवरची पांढरी रेघ दाखवली. वरच्या दाराखाली पाण्यात एक दगडी उंबरठा असतो. हौद भरलेला असताना तो दिसत नाही. पाणी उतरू लागल्यावर नावेचा मागचा भाग त्या उंबरठ्यावर राहिला, तर पुढचे टोक खाली जात राहते, मागचे अडकून पडते, आणि काही मिनिटांत नाव बुडते. म्हणून मागचा भाग रेघेच्या पुढे आहे की नाही, हे सतत पाहावे लागते. आमचे स्नेही गप्प झाले. त्यांच्या आराखड्यात चालक पुढच्या टोकाला बसला होता. मागचा साठ फुटांचा भाग त्याच्या पाठीशी.

पुढच्या चाकाची आणखी एक गोम त्याच बाईने सांगितली. नाव मोटारीसारखी पुढच्या चाकांवर वळत नाही. ती साधारण मध्यावर फिरते. पुढचे टोक डावीकडे गेले की मागचे उजवीकडे झुकते आणि काठावर किंवा दुसऱ्याच्या नावेवर आदळते. मागे उभ्या असलेल्याला दोन्ही टोके दिसतात. जुनी रीत जुनाट वाटते खरी; पण तिच्यामागे कोणाच्या तरी नावेला पडलेली पोच असते.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. खोलीच्या भिंती वरच्या बाजूला किंचित आत झुकवलेल्या असतात. ती काही नक्षी नव्हे. पुलांच्या कमानी गोल असतात, त्यामुळे नावेचा वरचा कोपराच आधी घासतो. भिंत आणि कडा यांच्यामध्ये पाऊल मावेल इतकीच पट्टी सोडलेली असते आणि छताच्या काठाला धरायला कठडा असतो. दोर हातात घेऊन पुढून मागे जाणारे माणूस त्या पट्टीवरून चालते. आमच्या स्नेह्यांनी खोलीला वीतभर रुंदी मिळवली होती ती हीच पट्टी पुसून. ‘अहो, त्या पट्टीवरून चालणार कोण?’ वहिनींनी शांतपणे विचारले. दांडा धरणारा एक आणि दोर घेऊन धावणारा दुसरा, अशीच दोघांची विभागणी बहुतेक नावांवर असते. कोण कोणते काम करणार हे त्यांच्या घरी ठरलेलेच होते.

येथे आमच्या मनातला प्रश्न थोडा स्पष्ट झाला. आराखडा एकाचा असतो. त्यात राहणारी माणसे अनेक असतात. टब रेखाटायला दोन रेषा पुरतात. पण टाकीत पाणी चारपाचशे लिटर, आणि ते संपले की नळ असलेल्या जागेपर्यंत नाव न्यायची, रांग असेल तर थांबायचे. शौचालयाची पेटी वीसेक लिटरची. ती दर दोनतीन दिवसांनी उचलून नेमलेल्या जागी रिकामी करायची. डिसेंबरात दिवस आठ तासांचा, सूर्य ढगाआड, छतावरच्या सौर तावदानांतून दिवा पेटेल इतकीही वीज काही दिवशी मिळत नाही. कोळशाची शेगडी पेटवली की हवा खेळती ठेवावी लागते. थंडी आत येते म्हणून कोणी झरोके बुजवले, तर कोळशाचा विषारी वायू झोपेतच घात करतो. ज्यांना कायमचा धक्का नाही, त्यांनी एका जागी चौदा दिवसांहून अधिक राहू नये असा 1995 च्या कायद्याचा दंडक आहे. म्हणजे बर्फ असो, पाऊस असो, गुडघे दुखत असोत, नाव हलवायची. यांतले एकही काम आराखड्यात दिसत नाही. कोण करणार हे तर मुळीच दिसत नाही. स्वप्न पाहणाऱ्याने आपले स्वप्न जरूर पाहावे. पण त्यातली पेटी कोण उचलणार, हा प्रश्न विचारल्याशिवाय ते स्वप्न निष्पाप मानता येत नाही, असे आम्हांला वाटते.

आणि हिशेब घरापुरता थांबत नाही. कालवा म्हणजे एकच वाट. पुढे काही अडकले की मागची सारी रांग थांबते. बाजूने काढायला जागा नसते. वाफ्यांतली ओली माती छतावर चढवली की नावेचा भार वर जातो आणि सपाट तळाची ती नाव डोलू लागते. म्हणूनच तळाशी विटा-फरशांचा भार घातलेला असतो. बोगद्याच्या कमानीत वाफे अडकले, किंवा काच फुटली, तर शिक्षा एकट्या हौशी माणसाला होत नाही. पाणबुडीसारख्या रंगवलेल्या नावाही कालव्यावर आहेत, आणि त्यांना आमची मुळीच हरकत नाही. पाणबुडीचे सोंग घेऊनही नाव सात फुटांच्या दारातून सुखरूप गेली तर बिघडले कोठे? मुले हसतात, एवढेच. ज्या वेगळेपणाची झळ दुसऱ्याला लागत नाही, त्यावर नाक मुरडणे हा निव्वळ मत्सर.

चूक एकट्यादुकट्या हौशी माणसाचीच होते असेही नाही. वॉरिकजवळ हॅटन येथे एकवीस पायऱ्यांचा मोठा जिना आहे. 1930 नंतरच्या मंदीच्या काळात सरकारी मदतीच्या आधारे ग्रँड युनियन कंपनीने बर्मिंगहॅमच्या वाटेवरची पन्नासच्या आसपास अरुंद दारे काढून त्यांच्या जागी रुंद दारे बांधली. साडेबारा फूट रुंदीची एक नवी नाव बनवली आणि तिचे नाव ठेवले ‘प्रोग्रेस’, म्हणजे प्रगती. 1934 मध्ये राजघराण्यातील ड्यूक ऑफ केंट यांच्या उपस्थितीत ती हॅटनच्या नव्या दारातून गेली. पण दारे रुंद झाली तरी त्यांच्यामधला कालवा आणि पूल त्या मानाने रुंद झाले नाहीत. दोन रुंद नावा समोरासमोर आल्या तर करायचे काय? ‘प्रोग्रेस’च्या मागून तशा नावांचा ताफा काही आला नाही. त्या रुंद दारांतून दोन अरुंद नावा शेजारी शेजारी जात राहिल्या. जुन्या अरुंद दारांचे अवशेष आजही नव्या दारांच्या शेजारी आहेत. त्यांतून जादा पाणी वाहते. आमचे स्नेही तेथे बराच वेळ उभे होते. ‘इतक्या इंजिनिअरांना कळले नाही,’ असे ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात काहीसा दिलासा होता.

आता कोणी म्हणेल, की मग जुने तेच सोने. आम्हांला हेही पटत नाही. कालव्यावरच्या परंपरागत नावेचे आज जे कोडकौतुक चालते, गुलाबांची आणि किल्ल्यांची चित्रे, पितळेच्या चकचकीत मुठी, लेसच्या झालरी, त्याच्या मागे काय होते हे विसरता कामा नये. रेल्वे आली, भाडे घसरले, आणि काठावरच्या घराचे भाडे परवडेनासे झाले तेव्हा नावाड्यांची बायकामुले नावेत राहायला आली. मागे दहा फूट लांबीची, सात फुटांहून कमी रुंदीची एक खोली. त्यात शेगडी, फळी खाली पाडली की होणारे मेज, रात्री कपाटातून आडवा उघडणारा बिछाना, आणि नवरा, बायको, मुले. ज्या आडव्या पलंगावर वहिनींनी पेन्सिल चालवली, तो खरे तर जुनाच. फक्त जुना पलंग सकाळी मिटून भिंतीत जात असे. कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथने 1875 मध्ये या कुटुंबांच्या हलाखीवर पुस्तक लिहिले, आणि त्याच्या खटपटीने 1877 व 1884 साली कायदे झाले: नावेची नोंदणी, एका खोलीत किती माणसे राहावीत याची मर्यादा, मुलांच्या शाळेची सोय. त्या चिंचोळ्या खोलीची कल्पक रचना गरिबीने शिकवलेली होती. तिला सुंदर म्हणताना आमची जीभ जरा अडखळते.

आजचे काही लोक पोलादी पत्र्याच्या नव्या नावेवर खोटे रिबिट चिकटवून ती जुनी भासवतात. आमच्या स्नेह्यांचे काचेचे छप्पर त्याहून अधिक प्रामाणिक म्हणायला हवे.

शिवाय, आज जे रूढ आहे त्यातले पुष्कळसे एके काळी चमत्कारिकच होते. वाफेच्या नावा आल्या तेव्हा बॉयलर आणि कोळसाच मालाची जागा खात असे, माणसेही अधिक लागत. पुढे 1912 पासून फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन कंपनीने स्वीडनच्या बोलिंडर इंजिनांच्या नावा आणल्या, आणि त्या टिकल्या. मागच्या बाजूला चारपाच जणांना उभे राहता येईल असा मोकळा चौथरा ही सहलीच्या नावांची देणगी. जुन्या नावेत दांड्यापाशी जेमतेम एक माणूस मावत असे. बाकीचे घर आत, तो बाहेर एकटा. सुटीवर आलेल्या कुटुंबांना एकत्र उभे राहायचे होते, म्हणून चौथरा रुंदावला. कोणाच्या तरी खऱ्या गरजेतून तो जन्मला आणि म्हणून रुजला.

आमच्या स्नेह्यांकडे मात्र एक हुकमी एक्का होता: एल. टी. सी. रोल्ट. बॅनबरीच्या टूली यांच्या गोदीत 1939 साली रोल्टने ‘क्रेसी’ नावाची जुनी लाकडी नाव राहण्यासाठी सजवून घेतली आणि पत्नीसह तीत राहायला गेला. त्या प्रवासावरचे त्याचे ‘नॅरो बोट’ हे पुस्तक 1944 मध्ये निघाले, आणि दोन वर्षांनी कालवे वाचवण्यासाठी संस्था उभी राहिली. ‘त्याच्या नावेत टब होता!’ हे वाक्य आम्ही पंधरा दिवसांत किमान दहा वेळा ऐकले. खरे आहे, होता. मालवाहू नावेत टब बसवणारा रोल्ट त्या काळच्या नावाड्यांना चक्रमच वाटला असेल. पण ती नाव आधी त्याच्या एका नातलगाची होती. तिच्यावर तो पूर्वी फिरला होता, तिचे इंजिन आणि तिचे दुखणे त्याला ठाऊक होते.  आणि 1947 च्या मे महिन्यात, स्ट्रॅटफर्ड कालव्यावर एका रेल्वे कंपनीचा खाली बसवलेला पूल वाट अडवून होता तेव्हा, रीतसर सूचना देऊन त्याने तो उचलायला लावला आणि ‘क्रेसी’ पलीकडे नेली. हक्क हा वापरला तरच राहतो, हे त्याने दाखवले. त्याचा हट्ट सर्वांच्या वाटेसाठी होता. टबाबद्दल आम्ही त्याला माफ करतो.

शेवटच्या दिवशी वहिनींनी आम्हांला स्टोक ब्रूर्नला नेले. तिथे कालव्याकाठी सिस्टर मेरी वॉर्ड राहत असे. सिस्टर म्हणजे येथे संन्यासिनी नव्हे, परिचारिका. दोर आणि किराणा विकणाऱ्या घरातली ही बाई नावाड्यांच्या बायकामुलांची शुश्रूषा करत राहिली. मलमपट्ट्या, बाळंतपणे, तापाची रात्र. नावाडी एका जागी थांबत नसत, म्हणून डॉक्टरकडे जाणे त्यांना कठीण. तिचे दार मात्र काठावरच होते. 1951 मध्ये तिला सरकारी पदक मिळाले. वहिनी त्या घरासमोर थांबल्या. तीस वर्षे रुग्णालयात काढलेल्या त्या बाईने तेथे एवढेच म्हटले, की नाव सुंदर असो, नसो, तिच्यातून आजारी माणसाला बाहेर काढता आले पाहिजे. आमच्या स्नेह्यांनी त्यावर काही उत्तर दिले नाही. पण त्या रात्री जेवणानंतर आराखडा पुन्हा मेजावर आला आणि रबर सापडत नव्हते म्हणून शोधाशोध झाली.

त्यांनी पुढे एक शहाणपणा केला. घर विकण्याआधी सबंध नोव्हेंबर महिना एक साधी जुनी नाव भाड्याने घेऊन दोघे तीत राहिली. त्या महिन्याची हकिकत पत्रांतून आली. काही पत्रे त्यांची, काही वहिनींची, आणि ती वाचताना एकाच नावेत दोन वेगळे महिने गेले असावेत असे वाटे. त्यानंतर चाक गेले, दांडा आला. वाफ्यांच्या जागी दोन कुंड्या उरल्या. भिंती आत सरकल्या, पट्टी परत आली. टब गेला, त्याबद्दल रोल्टचा उल्लेख करणारे एक दुःखी वाक्य पत्रात होते. पलंग दिवसा मिटू लागला.

काच मात्र त्यांनी सोडली नाही. सबंध छप्पर नाही, पण पलंगाच्या वर तीन फुटांचे एक तावदान. नाव बांधणाऱ्याने समजावले, वहिनींनी समजावले, आम्हीही पत्र लिहून समजावले. गृहस्थ हटले नाहीत. या जानेवारीत आलेल्या पत्रात वहिनी लिहितात, की थंडीत त्या काचेला आतून दव धरते आणि पहाटे थेंब नेमके त्यांच्या उशीवर पडतात. म्हणून रात्री तिथे एक पातेले ठेवावे लागते. ते सकाळी रिकामे करण्याचे काम, त्या म्हणतात, ठरवून टाकले आहे, आणि यावेळी ते आमच्या स्नेह्यांकडे आहे. खाली त्यांच्या अक्षरात एकच ओळ आहे: काल रात्री मृग नक्षत्र स्पष्ट दिसले.